आईवडिलांना ऑस्ट्रेलियात कायमचे आणावे का? हमी, खर्च आणि प्रतीक्षा

यारातीर

नमस्कार. मी आणि माझी पत्नी मेलबर्नच्या पश्चिमेला टारनेट येथे राहतो व आम्ही दोघेही आता येथील नागरिक आहोत. माझे आईवडील सांगलीला असतात. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, आई त्यांच्याहून थोडी लहान आहे. मला एकच धाकटा भाऊ असून तो पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे निम्मी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी असावीत ही पालक व्हिसाची अट आम्ही पूर्ण करतो.

आता प्रश्न असा आहे. पैसे भरून मिळणाऱ्या १४३ क्रमांकाच्या व्हिसासाठी दोघांचे मिळून नव्वद हजार डॉलरहून अधिक शुल्क आहे आणि नव्या अर्जदारांना १४-१५ वर्षे थांबावे लागेल असे गृहखातेच सांगते. कमी शुल्काच्या १०३ क्रमांकाची रांग तर ३० वर्षांहून लांब आहे. माझे मत असे की ऐपत असेल तर अर्ज आजच करावा, कारण रांगेतील तारीख मागाहून विकत घेता येत नाही. पत्नीचे म्हणणे असे की सत्तरीतल्या माणसांना पंधरा वर्षांच्या रांगेत उभे करून आपण फक्त आपल्या मनाचे समाधान करून घेत आहोत. ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे त्यांनी कृपया आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

पॅरामाटावासी

आम्ही अर्ज केला तेव्हा प्रतीक्षा चार-पाच वर्षांची होती आणि सासूसासरे आता कायमचे इथे आहेत. त्या काळचा हिशेब आज लागू होत नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण जुने अनुभव वाचून नव्या अर्जदारांची दिशाभूल होते.

ही रांग इतकी का वाढली हे समजून घेतले तर निर्णय सोपा होईल. सर्व प्रकारच्या पालक व्हिसांसाठी मिळून अलीकडच्या वर्षांत ८,५०० जागा दिल्या गेल्या आणि त्यांतील बहुतांश पैसे भरणाऱ्यांच्या वर्गाला मिळाल्या. प्रलंबित अर्ज लाखाहून अधिक आहेत. म्हणजे अर्ज तपासायला वेळ लागतो म्हणून हा उशीर होत नाही, दरवर्षी दार किती उघडायचे हे ठरलेले असल्यामुळे होतो. अधिक कर्मचारी नेमले तरी जागा वाढल्याशिवाय आपला क्रमांक लवकर येणार नाही.

शुल्काबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. अर्जासोबत जी रक्कम भरायची ती तुलनेने लहान आहे. प्रत्येकी ४३,६०० डॉलरचा मोठा हप्ता शेवटी, निर्णयाच्या वेळी मागितला जातो. त्यामुळे आज अर्ज करणे म्हणजे आजच नव्वद हजार डॉलर देणे नव्हे.

सह्यकडा

यारातीर यांच्या पत्नीशी मी सहमत आहे. २०२३ साली स्थलांतर व्यवस्थेचा जो सरकारी आढावा मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखाली झाला, त्यात हेच म्हटले होते: जो व्हिसा बहुधा कधी मिळणारच नाही त्यासाठी लोकांना अर्ज करू देणे क्रूर आणि अनावश्यक आहे. सरकारच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी एवढे स्पष्ट लिहिल्यावर आपण त्या आशेवर घराची आखणी करू नये.

गोदाकाठ

माझ्या आईला मी ही रांग समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, "रॉकेलसाठी रेशनच्या दुकानात जन्मभर उभी राहिले, आता पुन्हा नाही." आम्ही अर्ज केला नाही.

यारातीर

पॅरामाटावासी, मोठा हप्ता शेवटी असतो हे मला नीट ठाऊक नव्हते, आभार. हमीच्या बाबतीत मात्र माझा गोंधळ आहे. प्रायोजक होणे आणि हमीदार होणे या एकच गोष्टी आहेत का?

पॅरामाटावासी

नाहीत. प्रायोजक हा बहुधा मुलगा किंवा मुलगीच असतो आणि तो सुरुवातीच्या काळात निवारा व इतर मदत देण्याचे मान्य करतो. आर्थिक हमी हा निराळा कायदेशीर करार असून तो सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या संस्थेबरोबर होतो. १४३ साठी ही हमी दहा वर्षांची असते आणि मुख्य अर्जदारासाठी १०,००० डॉलर व दुसऱ्यासाठी ४,००० डॉलर बँकेत अडकवून ठेवावे लागतात. या काळात आईवडिलांनी काही ठरावीक सरकारी भत्ते घेतले, तर ती रक्कम हमीदाराकडून वसूल होते. हमीदाराचे उत्पन्न तपासले जाते, पण हमीदार मुलगाच असला पाहिजे असे नाही. एकाहून अधिक व्यक्ती मिळूनही हमी घेऊ शकतात. आमच्या बाबतीत माझ्या मेव्हण्याने अर्धा भार उचलला.

वृद्धांचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे वास्तव्य लागतेच, म्हणून हमीची मुदत व ही अट जवळजवळ बरोबर चालतात. सार्वजनिक आरोग्यसेवा, म्हणजे मेडिकेअर, मात्र कायम व्हिसा मिळताच सुरू होते. खरे मोल त्याचेच आहे.

निर्मोही

मला एक वेगळा आणि कदाचित अप्रिय वाटेल असा मुद्दा मांडायचा आहे. ऑस्ट्रेलिया सरकारच्या उत्पादकता आयोगाने २०१६ साली अंदाज केला होता की पालक व्हिसावर येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे सरकारी तिजोरीवर तिच्या उर्वरित आयुष्यात ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलरचा भार पडतो. त्या मानाने ४३,६०० डॉलर हे शुल्क फार मोठे नाही. आपण इथे कर भरतो हे खरे, पण आपला कर आपल्यावर आणि आपल्या मुलांवर खर्च होत असतो. आपल्या आईवडिलांनी ज्या समाजात आयुष्यभर कर भरला तो समाज वेगळा आहे. ही मर्यादा अन्यायकारक आहे असे म्हणण्याआधी आपण या बाजूचाही विचार करावा.

मुळशीकर

निर्मोही, हा आकडा मी अनेकदा वाचला आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु या गणितात आरोग्य, वृद्धसेवा आणि भत्ते यांवरचा खर्च जितका बारकाईने मोजता येतो, तितके आईवडिलांचे घरातले काम मोजता येत नाही. माझी आई इथे असताना आमची दोन लहान मुले तिच्याकडे असत आणि माझी पत्नी रुग्णालयात पूर्णवेळ परिचारिका म्हणून काम करू शकली. आई परत गेल्यावर पत्नीने पाळ्या कमी केल्या. तिचा कमी झालेला कर, पाळणाघरासाठी सरकारने दिलेले अनुदान आणि रुग्णालयाला कमी पडलेले मनुष्यबळ यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

निर्मोही

आपला मुद्दा योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. मात्र जी मदत आपण सांगता ती बहुधा पहिल्या पाच-सात वर्षांची असते. १४३ ची रांग संपेपर्यंत नातवंडे महाविद्यालयात गेलेली असतात. मदतीसाठी हवा असलेला व्हिसा आणि म्हातारपणी सांभाळण्यासाठी हवा असलेला व्हिसा या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे यारातीर यांनी आधी ठरवावे.

ब्रॅम्प्टनकर

कॅनडातील परिस्थिती थोडक्यात सांगतो, कारण ऑस्ट्रेलियाच्या २०२३ च्या त्याच आढाव्यात सोडतीच्या पद्धतीचाही विचार झाला होता आणि अनेकांना ती अधिक न्याय्य वाटते.

इथे २०११ साली नवे अर्ज थांबवले होते, २०१४ साली ५,००० अर्जांच्या मर्यादेसह पुन्हा सुरू झाले, २०१७ साली सोडत आली आणि २०१९ साली "जो प्रथम येईल त्याला" या पद्धतीने संगणकावर अर्ज घेतले, तेव्हा काही मिनिटांत सर्व जागा संपल्या. त्यानंतर २०२० साली इच्छुकांची नावे नोंदवून घेतली आणि पुढची कितीतरी वर्षे त्याच साठ्यातून नावे काढली गेली. २०२५ साली १७,८६० जणांना निमंत्रणे पाठवून सुमारे १०,००० अर्ज स्वीकारायचे ठरले, तेही त्याच २०२० च्या यादीतून. म्हणजे २०२१ नंतर कॅनडात स्थायिक झालेल्या माणसाला सोडतीत नाव घालण्याचीही संधी मिळालेली नाही. रांगेत निदान आपण कोठे उभे आहोत हे कळते.

हमीही कडक आहे. सलग तीन वर्षांचे उत्पन्न ठरलेल्या किमान मर्यादेहून जास्त दाखवावे लागते आणि क्विबेक सोडून इतरत्र वीस वर्षांची जबाबदारी घ्यावी लागते. या काळात नोकरी गेली, घटस्फोट झाला, तरी जबाबदारी संपत नाही.

म्हणून आमच्याकडे बहुतेक जण आईवडिलांसाठी सुपर व्हिसा, म्हणजे दीर्घ मुदतीचा तात्पुरता व्हिसा, घेतात. २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसासाठी त्याचा हप्ता जड जातो.

थेम्सकाठची

ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. दैनंदिन कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करावे लागते. नाशिक-पुण्यासारख्या शहरात पगारी मदतनीस मिळतात हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे ज्यांची मुले चांगली कमावतात त्यांचाच अर्ज नाकारला जातो. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात रांग तरी आहे.

पश्चिमघाट

यारातीर, आपले वडील ६७ वर्षांच्या पुढे आहेत. ते पर्यटक म्हणून येथे आल्यावर निवृत्तिवेतनाच्या वयाच्या पालकांसाठी असलेल्या ८०४ क्रमांकाच्या व्हिसाचा अर्ज का करत नाही? रांग तीस वर्षांची असली तरी अर्ज प्रलंबित असेपर्यंत तात्पुरत्या व्हिसावर येथेच राहता येते. शुल्कही फार कमी आहे. माझ्या ओळखीचे एक कुटुंब असेच राहत आहे.

पॅरामाटावासी

हा सल्ला अनेकदा दिला जातो आणि तो अर्धवट आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एक तर पर्यटक व्हिसावर "पुढे मुक्काम नाही" ही ८५०३ क्रमांकाची अट असेल, तर येथे राहून असा अर्ज करताच येत नाही. दुसरे म्हणजे पालक व्हिसाच्या अर्जदारांना प्रतीक्षेच्या काळात मेडिकेअर मिळत नाही, आणि भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा परस्पर करारही नाही. म्हणजे पुढील सर्व वर्षे खासगी विम्यावर काढायची. पंचाहत्तरीला पडून खुब्याचे हाड मोडले किंवा डायलिसिस सुरू करावे लागले, तर विमा नेमका किती भार उचलतो, आधीपासूनच्या आजारांसाठी किती महिने थांबावे लागते, हे कागद वाचून ठरवावे. तिसरे म्हणजे भारतात लग्नाला किंवा अंत्यविधीला जायचे तर प्रवासासाठी निराळा तात्पुरता व्हिसा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मध्यरात्री फोन आला आणि पहाटेचे विमान पकडले, असे होत नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचे निधन झाले तेव्हा याच कारणाने त्यांना वेळेवर पोहोचता आले नाही. त्यांचा मुलगा आजही त्याबद्दल बोलत नाही.

पश्चिमघाट

प्रवासाची अडचण मला माहीत नव्हती. माझ्या ओळखीच्या कुटुंबालाही हे कळवतो.

तुळशीवृंदावन

मी कोल्हापूरला राहते. माझी मुलगी ॲडलेडला आहे आणि माझ्यासाठी ती असाच विचार करत आहे. इथे सगळे मुलामुलींच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून आईच्या बाजूने लिहावेसे वाटले.

तुम्ही आम्हाला आणण्यासाठी एवढा पैसा साठवता, कागदपत्रे जमवता, याचे आम्हाला कौतुक आहे. पण आम्हाला कोणी नीट विचारत नाही. "आई, येशील ना?" असे विचारले तर कोणती आई नाही म्हणेल? त्याऐवजी असे विचारा की सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत घरात एकटी राहशील का, गाडी चालवता न येता जगशील का, तुझ्या भिशीतल्या मैत्रिणी, तुझा दवाखाना, तुझे देऊळ सोडशील का. मी मुलीकडे जाऊन राहिले आहे. ती आणि जावई अतिशय प्रेमाने वागवतात. तरीही चौथ्या महिन्यानंतर मला माझ्या घराची आठवण येऊ लागते. मला वर्षातले काही महिने तिथे आणि बाकीचे इथे असे राहायचे आहे. त्यासाठी पन्नास हजार डॉलर लागत असतील तर ते नातवाच्या शिक्षणाला ठेवावेत.

माझे यजमान असते तर कदाचित माझे उत्तर वेगळे असते. आणि मी ऐंशीची झाल्यावर माझे उत्तर बदलेल, हेही मला ठाऊक आहे. तोपर्यंत रांगेत माझे नाव असले तर माझी हरकत नाही, पण ते नाव घातले म्हणजे माझी सोय झाली असे मुलीने समजू नये.

मुळशीकर

काकू, आपला प्रतिसाद मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही आईला कधीही असे प्रश्न विचारले नव्हते.

सह्यकडा

काकूंना जे हवे आहे त्यासाठी ६०० आणि ८७० हे दोन मार्ग आहेत. ६०० हा पर्यटक व्हिसा आहे. पालकांना तो काही वर्षांच्या मुदतीचा मिळू शकतो, पण साधारणपणे अठरा महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक राहता येत नाही. ८७० हा २०१९ पासून सुरू झालेला प्रायोजित तात्पुरता व्हिसा आहे. तो तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो आणि सर्व मिळून दहा वर्षांपर्यंत राहता येते. दुसऱ्यांदा घेताना मध्ये किमान ९० दिवस देशाबाहेर राहावे लागते. सुरुवातीला तीन वर्षांसाठी ५,००० आणि पाच वर्षांसाठी १०,००० डॉलर शुल्क होते, ते नंतर वाढले आहे. प्रायोजकाचे करपात्र उत्पन्न सुमारे ८३,४५५ डॉलर असावे लागते, त्यात जोडीदाराचे उत्पन्न धरता येते. खासगी विमा लागतो आणि आईवडिलांना नोकरी करता येत नाही. विशेष म्हणजे यासाठी निम्म्या मुलांची अट नाही. ज्यांची दोन भावंडे भारतात आणि एकच इथे आहे, त्यांच्यासाठी पर्यटक व्हिसाहून अधिक काळ राहण्याचा हा एकमेव व्यवहार्य मार्ग आहे.

गोदाकाठ

माझी स्थिती नेमकी तशीच आहे. एक बहीण नाशिकला, एक अमेरिकेत आणि मी इथे. प्रत्येक देशात एकेक मूल असल्याने आम्ही अटीत बसत नाही, कारण निम्मी मुले इथे नाहीत आणि इतर कोणत्याही देशापेक्षा इथे जास्त आहेत असेही नाही. आईने रांग नाकारली नसती तरी अर्ज टिकला नसता.

जमाखर्च

मी पुण्यात सनदी लेखापाल आहे आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांची कामे नियमित पाहतो. भारताकडच्या बाजूचा विचार या चर्चेत अजून आलेला नाही, म्हणून लिहितो.

आईवडील कायमचे गेले की परकीय चलन कायद्यानुसार ते अनिवासी ठरतात आणि त्यांची साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयांतील, खात्यांत बदलून घ्यावी लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवे खाते उघडता येत नाही आणि पीपीएफ खाते मुदतीनंतर वाढवता येत नाही. नियमित व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाला हा बदल जाणवतो. राहते घर अनिवासी झाल्यावर विकले, तर खरेदीदाराला नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो, त्यामुळे विक्रीचा विचार असेल तर क्रम आधी ठरवावा. शेतजमीन असेल तर ती ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. सांगलीकडच्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची व्यवस्था परदेशातूनही होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतातला आरोग्य विमा बंद करू नये. मुलगा म्हणतो, आता इथेच राहणार, मग हप्ता कशाला? दोन वर्षांनी आईवडील परततात आणि पंचाहत्तरीला नवी पॉलिसी मिळत नाही किंवा मिळाली तरी जुन्या आजारांसाठी थांबावे लागते. असे मी वारंवार पाहिले आहे. हप्ता भरत राहावा.

निर्मोही

जमाखर्च यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

मुळशीकर

रांगेबाबत आणखी एक गोष्ट. आरोग्य तपासणी निर्णयाच्या वेळी होते, म्हणजे आज सत्तरीचे असलेले वडील पंचाऐंशीला तपासणीला बसणार. पुढील पाच वर्षांत (पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी तीन वर्षांत) उपचारांचा खर्च ठरावीक मर्यादेहून अधिक होईल असे दिसले तर अर्ज नाकारला जातो. ही मर्यादा २०२४ साली ८६,००० डॉलर केली आहे. १४३ मध्ये या अटीतून सूट मिळण्याची तरतूद नाही. म्हणून नुसते "किती वर्षे लागतील" असे न विचारता "त्या वेळी ते तपासणीत उत्तीर्ण होतील का" असेही विचारावे लागते.

यारातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तुळशीवृंदावन काकूंचे प्रश्न मी आईवडिलांना एकेक करून विचारले. वडील म्हणाले की त्यांना हिवाळा सोडून वर्षातले सहा महिने इथे यायला आवडेल, पण सांगलीचे घर विकायचे नाही. आईने मात्र अनपेक्षितपणे सांगितले की दोघांपैकी एकच मागे राहिले तर त्या एकाला इथे राहायचे असेल. मुलगा म्हणून मला हे आधी ठाऊक असायला हवे होते असे वाटले, पण तसे आम्ही कधी बोललो नव्हतो.

त्यामुळे आमचे असे ठरले आहे. सध्या ६०० वर येणेजाणे ठेवायचे, गरज पडली तर ८७० घ्यायचा. १४३ चा अर्ज दोघांच्या नावे आता करून ठेवायचा, पण मोठ्या हप्त्याची रक्कम वेगळी न अडकवता आधी विम्यासाठी आणि अचानक कराव्या लागणाऱ्या प्रवासासाठी शिल्लक उभी करायची. पत्नीलाही हे पटले आहे. भारतातील विमा चालू ठेवण्याची जबाबदारी भावाने घेतली आहे.

आता एक व्यावहारिक अडचण. माझ्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव आहे आणि तिच्या पारपत्रावर लग्नानंतर बदललेले नाव, तेही पहिल्या नावासकट बदललेले. माझे तिच्याशी नाते सिद्ध करताना यावर काय करावे?

पॅरामाटावासी

आपल्याकडच्या त्या पिढीत हे घरोघरी आहे, घाबरू नये. आमच्या सासूबाईंचेही असेच होते. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो जोडावा. नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे, शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढावा आणि जमल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी. मराठीतील प्रत्येक कागदाचे अधिकृत भाषांतर लागेल.

जमाखर्च

राजपत्राचे काम आई भारतात असतानाच पूर्ण करावे. त्याच नावाने आधार, पॅन आणि बँकेतील नोंदीही एकसारख्या करून घ्याव्यात, म्हणजे पुढे एनआरओ खात्याच्या वेळी पुन्हा धावपळ होणार नाही.

यारातीर

भाऊ या शनिवारी सांगलीला जात आहे. शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात करतो.